जुन्या बेसबॉल फिगर्सचा संग्रह : नवोदितांसाठी मार्गदर्शन

बेसबॉलपटूंच्या जुन्या फिगर्स, म्हणजे त्यांच्या छोट्या प्रतिकृती, गोळा करायला लागलेला माणूस सहसा पहिला प्रश्न विचारतो तो किमतीचा: कोणती फिगर महाग, कोणती दुर्मीळ, कोणती पुढे वाढेल. या लेखात सुरुवात दुसरीकडून केली आहे. प्रत्येक फिगर ही एका विशिष्ट वर्षाची नोंद असते. तिच्या टोपीवरचे अक्षर, गणवेशाचा रंग, संघाचे नाव आणि त्या वर्षी कंपनीने कोणाला विकण्यायोग्य मानले व कोणाला मानले नाही, हे सारे त्या चार ते आठ इंच प्लास्टिकमध्ये साठवलेले असते. ते वाचायला शिकले म्हणजे स्वस्तातली फिगरही पुष्कळ काही सांगते, आणि ते वाचता आले नाही तर महागातली फिगरही केवळ शोभेची वस्तू ठरते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले शाळेत बेसबॉल खेळतात आणि त्यांच्या पालकांना मात्र क्रिकेटपलीकडे फारसे माहीत नसते, अशा घरांत हा छंद विशेष उपयोगी पडतो, असे मला वाटते.

पहिली पायरी : तीन मुख्य प्रकार ओळखावेत

हार्टलँडचे पुतळे हा या छंदातील सर्वांत प्रतिष्ठित प्रकार आहे. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराच्या पश्चिमेला हार्टलँड नावाचे गाव आहे, आणि तेथील हार्टलँड प्लास्टिक्स या कंपनीने १९५८ ते १९६३ या काळात मेजर लीगच्या, म्हणजे अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलच्या, १८ खेळाडूंचे सुमारे सात-आठ इंच उंचीचे पुतळे बाजारात आणले. हँक ॲरन, एडी मॅथ्यूज, वॉरन स्पान, मिकी मँटल, रॉजर मॅरिस, योगी बेरा, बेब रूथ, विली मेज, एर्नी बँक्स, टेड विल्यम्स, स्टॅन म्यूझियल, ड्यूक स्नायडर, डॉन ड्रायस्डेल, नेली फॉक्स, लुईस ॲपरिसिओ, हार्मन किलब्रू, रॉकी कोलाव्हिटो आणि डिक ग्रोट, अशी ती पूर्ण यादी आहे. हे पुतळे हातपाय हलवत नाहीत, त्यामुळे काटेकोर अर्थाने ते ॲक्शन फिगर नव्हेत. तरी या छंदाचा पाया त्यांनीच घातला आणि जुन्या संग्राहकांच्या कपाटांत पहिली जागा आजही त्यांचीच असते.

दुसरा प्रकार म्हणजे १९६० च्या सुमारास जपानमध्ये कागदाच्या लगद्यापासून बनलेल्या डोके हलणाऱ्या बाहुल्या, ज्यांना बॉबलहेड म्हणतात. त्यांपैकी बहुतेकांवर फक्त संघाचे नाव असे आणि चेहरा सरसकट एकच असे. नावानिशी निघालेले खेळाडू चारच होते: मँटल, मॅरिस, मेज आणि रॉबर्तो क्लेमेंटे. लगद्याला तडे लवकर जातात, रंगाचे पोपडे निघतात आणि दुरुस्ती लपवणेही सोपे असते, म्हणून नवोदिताने या प्रकारात पहिल्याच वर्षी पैसे घालू नयेत.

तिसरा प्रकार केनर कंपनीच्या ‘स्टार्टिंग लाइनअप’ या मालिकेचा आहे, आणि सुरुवातीसाठी तोच उत्तम. सिनसिनाटी बेंगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे माजी पंटर (लाथेने चेंडू दूर मारणारे खेळाडू) पॅट मॅकइनाली यांच्या कल्पनेतून ही मालिका १९८८ साली सुरू झाली. पुढे केनर हॅस्ब्रो या खेळणी-कंपनीच्या छत्राखाली गेली आणि २००१ पर्यंत मालिका चालू राहिली. सुमारे चार इंची फिगर आणि तिच्यासोबत खेळाडूचे एक कार्ड, असे हे पाकीट असे. देशभर माहीत असलेले तारे सर्वत्र मिळत, पण अनेक खेळाडू त्यांच्या संघाच्या परिसरातच अधिक प्रमाणात पाठवले गेले, त्यामुळे एका शहरात ढिगाने मिळणारी फिगर दुसऱ्या शहरात शोधूनही सापडत नसे. या मालिकेतील असंख्य फिगर्स आजही किरकोळ किमतीत मिळतात, कारण त्या काळी लोकांनी गुंतवणूक म्हणून त्या पाकिटासह साठवून ठेवल्या. अपवाद थोडे आहेत, आणि १९८८ चा ह्यूस्टन ॲस्ट्रोजच्या गणवेशातील नोलन रायन हा त्यांतील सर्वपरिचित. त्या हंगामानंतर रायन टेक्सास रेंजर्सकडे गेला, म्हणजे त्या फिगरवर त्याचा ॲस्ट्रोजमधला शेवटचा हंगाम नोंदलेला आहे.

दुसरी पायरी : आकडे वाचायला शिकावे

क्रिकेटच्या सवयीने बेसबॉलचे आकडे वाचले तर हमखास गोंधळ होतो. क्रिकेटमधील सरासरी म्हणजे एकूण धावांना बाद होण्याच्या संख्येने भागून आलेला आकडा. बेसबॉलमधील बॅटिंग ॲव्हरेज म्हणजे मिळवलेल्या हिट्सना अधिकृत संधींच्या संख्येने भागून आलेला अपूर्णांक. हिट म्हणजे बॅटने चेंडू मारून किमान पहिल्या बेसपर्यंत (धावण्याच्या मार्गावरील पहिल्या टप्प्यापर्यंत) सुखरूप पोचणे. टेड विल्यम्सने १९४१ साली .४०६ ची सरासरी गाठली, याचा अर्थ दर दहा संधींत त्याने चारांहून थोड्या अधिक हिट्स मिळवल्या, आणि त्यानंतर मेजर लीगच्या अमेरिकन किंवा नॅशनल लीगमध्ये पूर्ण हंगामात कोणालाही .४०० पर्यंत पोचता आलेले नाही. दहांत तीन हिट्स मिळवणारा खेळाडू उत्तम मानला जातो, एवढे लक्षात ठेवले तर कार्डामागचे आकडे बोलू लागतात.

याखेरीज अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग हे दोन विभाग, दोघांच्या विजेत्यांमध्ये होणारी वर्ल्ड सीरिज आणि होम रन (एकाच फटक्यावर सर्व बेस पार करणे), पिचरचे (चेंडू फेकणाऱ्याचे) विजय, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटरला बाद करणे) व चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले पुढचे बेस) हे चार मापदंड समजले की सुरुवातीपुरते पुरे. उरलेले संग्रहाच्या ओघात समजत जाते.

तिसरी पायरी : खरेदीपूर्वी एक प्रश्न निवडावा

सगळ्या फिगर्स गोळा करण्याचा संकल्प करणारा संग्राहक थोड्याच दिवसांत थकतो. त्याऐवजी इतिहासातील एकच प्रश्न घ्यावा आणि त्याचे उत्तर देणाऱ्या तीन-चार फिगर्स शोधाव्यात. उदाहरणादाखल तीन प्रश्न येथे मांडतो, तिन्ही हार्टलँडच्या यादीतून.

पहिला प्रश्न संघांच्या स्थलांतराचा. ॲरन, मॅथ्यूज आणि स्पान यांचे पुतळे या मालिकेत तुलनेने सहज मिळतात, आणि ते तिघेही मिलवॉकी ब्रेव्ह्जच्या वेशात आहेत. कारखाना मिलवॉकीच्या शेजारी होता, हे आठवले की या निवडीचे आश्चर्य वाटत नाही. हा संघ १९५३ साली बॉस्टनहून मिलवॉकीला आला, १९५७ साली न्यूयॉर्क यांकीजना हरवून त्याने वर्ल्ड सीरिज जिंकली, आणि १९६६ साली तो अटलांटाला निघून गेला. बॉस्टन, मिलवॉकी व अटलांटा या तिन्ही शहरांत ब्रेव्ह्जसाठी खेळलेला एकमेव खेळाडू मॅथ्यूज आहे. ॲरनने ८ एप्रिल १९७४ रोजी ७१५ वा होम रन मारून बेब रूथचा विक्रम मोडला तो अटलांटात, पण कारकिर्दीची शेवटची दोन वर्षे तो मिलवॉकीत परतला, नव्या ब्रूअर्स संघाकडून खेळला आणि ७५५ होम रनवर थांबला. ड्यूक स्नायडर आणि डॉन ड्रायस्डेल यांच्या टोप्यांवर लॉस एंजेलिसची अक्षरे आहेत, कारण डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ १९५८ च्या हंगामापासून न्यूयॉर्क सोडून कॅलिफोर्नियात गेले होते. ज्या ब्रुकलिनमध्ये स्नायडर खेळाडू म्हणून नावारूपाला आला त्या ब्रुकलिनचा मागमूसही पुतळ्यावर नाही. चाहत्यांच्या एका पिढीला झालेले ते दुःख समजून घ्यायचे असेल तर टोपीवरील त्या दोन अक्षरांपासून सुरुवात करावी.

दुसरा प्रश्न वर्णभेदाचा, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८ जणांच्या यादीत कृष्णवर्णीय अमेरिकन खेळाडू तीन आहेत: ॲरन, मेज आणि बँक्स. हे तिघे प्रथम निग्रो लीगच्या संघांत खेळले होते. ॲरन १९५२ साली इंडियानापोलिस क्लाउन्सकडे होता, मेज बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्सकडे आणि बँक्स कॅन्सस सिटी मोनार्क्सकडे. गोऱ्यांच्या लीगची दारे बंद असल्यामुळे उभी राहिलेली ही व्यवस्था १५ एप्रिल १९४७ रोजी आधुनिक मेजर लीगमधील पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरल्यानंतर हळूहळू ओसरली, आणि तिच्यातून आलेल्या शेवटच्या मोठ्या पिढीचे हे तीन प्रतिनिधी. स्वतः रॉबिन्सनचा पुतळा मात्र यादीत नाही, कारण १९५६ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला होता. निवृत्त खेळाडूंपैकी कंपनीने केवळ बेब रूथला स्थान दिले. रॉबिन्सनची फिगर हवी असल्यास स्टार्टिंग लाइनअपच्या १९९४ साली सुरू झालेल्या ‘कूपरस्टाउन कलेक्शन’मध्ये ती मिळते. हार्टलँडच्या तिघांशेजारी ती ठेवली की मधल्या तीन दशकांत कोणाची आठवण ठेवण्याजोगी मानली गेली, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि २०२४ साली त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले. तेव्हापासून कारकिर्दीतील सर्वोच्च बॅटिंग ॲव्हरेजच्या यादीत निग्रो लीगच्या जॉश गिब्सनचे नाव पहिले आहे. १९९० च्या दशकातील एखाद्या कार्डामागे ‘सर्वकालीन सर्वोच्च’ असे, तोवर या यादीत पहिला असलेल्या टाय कॉबबद्दल छापलेले आढळले तर ते कार्ड चुकीचे म्हणून टाकू नये, ते त्या वेळच्या समजुतीचा पुरावा आहे.

तिसरा प्रश्न एका हंगामाचा. फॉक्स, ॲपरिसिओ, स्नायडर आणि ड्रायस्डेल असे चार पुतळे एकत्र मांडले की १९५९ ची वर्ल्ड सीरिज समोर उभी राहते. ज्या शिकागो व्हाइट सॉक्सचे खेळाडू १९१९ च्या सामना-निश्चितीच्या कुप्रसिद्ध प्रकरणात गुंतले होते, त्या संघाने चाळीस वर्षांनी, त्या साली, अमेरिकन लीग जिंकली. होम रनपेक्षा धावण्याच्या वेगावर आणि क्षेत्ररक्षणावर विसंबणारा तो संघ होता. सेकंड बेसवरचा फॉक्स लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरला आणि व्हेनेझुएलाहून आलेल्या शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ॲपरिसिओने ५६ बेस चोरले. तरी अंतिम मालिका डॉजर्सनी ४-२ अशी जिंकली. फॉक्स १९७५ साली वारला आणि त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मान-संग्रहालयात, स्थान मिळाले ते १९९७ साली. ॲपरिसिओ १९८४ सालीच तेथे पोचला होता, आणि व्हेनेझुएलाचा तो पहिला.

रॉकी कोलाव्हिटोचा पुतळा डेट्रॉइट टायगर्सच्या वेशात का, हा एक छोटा स्वतंत्र प्रश्न आहे. क्लीव्हलँडचा हा लाडका खेळाडू १९५९ साली अमेरिकन लीगच्या होम रनच्या यादीत किलब्रूसह बरोबरीने पहिला होता, आणि तरी १९६० चा हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर संघाने त्याला डेट्रॉइटला देऊन हार्वी कीनला आणले. क्लीव्हलँडमधील जुने चाहते त्या व्यवहाराबद्दल अजूनही कळवळून बोलतात.

चौथी पायरी : वस्तू हातात घेऊन तपासावी

हार्टलँडचा पुतळा पाहताना सर्वांत आधी तो मूळचा की नंतरचा, हे ठरवावे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे पुतळे पंचविसाव्या वर्धापनाच्या निमित्ताने पुन्हा काढले गेले. त्यांवर तशी खूण असते आणि त्यांची किंमत मूळ पुतळ्याच्या मानाने बरीच कमी असते. पुनर्निर्मिती घेण्यात काही गैर नाही, अभ्यासासाठी ती पुरेशी आहे. मूळ म्हणून तिचे पैसे मोजणे मात्र टाळावे. खूण खरवडली गेली असेल तर तो भाग खडबडीत लागतो, म्हणून पाठ आणि पट्ट्याचा भाग बोटाने चाचपून पाहावा.

त्यानंतर सुटे भाग पाहावेत. बॅट वेगळी असल्यामुळे साठ वर्षांत ती हरवलेली असण्याचा संभव मोठा, आणि बेराच्या चेहऱ्यावरील सुटा मुखवटा तर फारच थोड्या पुतळ्यांसोबत उरला आहे. नव्याने बनवलेल्या बॅट आणि मुखवटे बाजारात मिळतात. विक्रेत्याने तसे सांगितले असेल तर प्रश्न नाही, न सांगितल्यास लेखी विचारावे. मूळ पांढरा रंग पिवळसर झाला आहे का, टोपीच्या कडेला, नाकाच्या शेंड्यावर आणि बुटांच्या टोकांवर रंग घासला गेला आहे का, घोट्यापाशी जोड दिलेला आहे का, हे क्रमाने पाहावे. अतिनील प्रकाशाच्या छोट्या विजेरीखाली नंतर लावलेला रंग बहुधा मूळ रंगापेक्षा वेगळा चमकतो, तेव्हा अशी विजेरी सोबत बाळगावी. डिक ग्रोटच्या बाबतीत ही सारी तपासणी दुप्पट काळजीने करावी. तो यादीतील सर्वांत दुर्मीळ पुतळा असून अवघे ५,००० च्या आसपास नग निघाले असा आकडा संग्राहकांत प्रचलित आहे. १९६० साली पिट्सबर्ग पायरेट्सने वर्ल्ड सीरिज जिंकली तेव्हा ग्रोट नॅशनल लीगचा सर्वांत मौल्यवान खेळाडू होता, त्यामुळे त्या शहरात त्याला आजही मागणी आहे.

स्टार्टिंग लाइनअपमध्ये फिगरइतकेच पाकीट महत्त्वाचे. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यांवरील घड्या, प्लास्टिकच्या कवचाचे पिवळेपण, ते पुठ्ठ्यापासून सुटत आले आहे का आणि सोबतचे कार्ड आत आहे का, हे पाहावे. ए.एफ.ए. (ॲक्शन फिगर ऑथॉरिटी) सारख्या, फिगरची अवस्था तपासणाऱ्या संस्थेकडून श्रेणी देऊन बंद डब्यात ठेवलेली फिगर नवोदिताने घेऊ नये. श्रेणीसाठी मोजलेले पैसे सामान्य फिगरच्या बाबतीत परत येत नाहीत. उलट पाकीट उघडलेल्या फिगर्स अल्प किमतीत घ्याव्यात आणि मुलांना हाताळू द्याव्यात. एकच धड आणि एकच पवित्रा अनेक खेळाडूंसाठी वापरलेला त्यांना चटकन ओळखू येतो, आणि या उद्योगाचे अर्थकारणही त्यातून कळते.

पाचवी पायरी : खरेदी

ईबेवर विक्रेत्याने मागितलेली किंमत पाहू नये, ‘विक्री झालेल्या’ नगांचा पर्याय निवडून खरोखर मोजली गेलेली किंमत पाहावी, आणि निदान काही आठवडे केवळ निरीक्षण करावे. अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी गराज सेल, घरातील जुन्या सामानाची विक्री आणि कार्ड शो ही ठिकाणे अधिक चांगली, कारण तेथे वस्तू हातात घेता येते आणि विक्रेत्याशी बोलता येते. दरवर्षी भरणाऱ्या नॅशनल स्पोर्ट्स कलेक्टर्स कन्व्हेन्शनला एकदा तरी जावे, विकत काही घेतले नाही तरी डोळा तयार होतो. भारतातून मागवणाऱ्यांनी टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच हिशोब करावा, कारण स्वस्त फिगरच्या बाबतीत हा खर्च वस्तूच्या किमतीहून अधिक होतो. अमेरिकेतील नातेवाइकांच्या पत्त्यावर चार-सहा वस्तू जमवून एकत्र आणवणे बरे.

सहावी पायरी : इतिहास पडताळावा

फिगर घेतली की त्याच आठवड्यात त्या खेळाडूची नोंद वाचावी. आकड्यांसाठी बेसबॉल-रेफरन्स हे संकेतस्थळ आणि एकेका सामन्याच्या तपशिलासाठी रेट्रोशीट पुरेसे आहे. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च’ या संस्थेच्या चरित्रप्रकल्पात हजारो खेळाडूंची अभ्यासपूर्ण चरित्रे विनामूल्य वाचायला मिळतात. प्रवास शक्य असल्यास न्यूयॉर्क राज्यातील कूपरस्टाउनचे हॉल ऑफ फेम आणि कॅन्सस सिटीतील निग्रो लीग्ज बेसबॉल म्युझियम, ही दोन्ही ठिकाणे पाहावीत. एकच पाहायचे असेल तर मी दुसरे सुचवेन.

बेसबॉलमध्ये दंतकथा फार आहेत आणि त्या पुराव्याच्या थाटात सांगितल्या जातात. हॉल ऑफ फेम कूपरस्टाउनमध्ये उभारले गेले ते १८३९ साली तेथे ॲबनर डबलडे याने हा खेळ शोधला या समजुतीमुळे, आणि इतिहासकारांनी ती समजूत केव्हाच निकालात काढली आहे. मॅरिसचे उदाहरण अधिक बोधक आहे. १९६१ साली त्याने ६१ होम रन मारून रूथचा १९२७ चा ६० चा विक्रम ओलांडला. पण रूथच्या वेळी हंगाम १५४ सामन्यांचा होता आणि १९६१ पासून अमेरिकन लीगमध्ये तो १६२ सामन्यांचा झाला. म्हणून मेजर लीगचे आयुक्त फोर्ड फ्रिक यांनी दोन विक्रमांची नोंद वेगळी ठेवावी असे जाहीर केले. मॅरिसच्या नावापुढे तारांकन छापले गेले असे लोक आजही सांगतात, परंतु प्रत्यक्षात तसे तारांकन अधिकृत नोंदींत कधीच नव्हते. नोंद दोन ओळींत विभागलेली होती आणि १९९१ साली ती विभागणी रद्द झाली. मॅरिस त्याआधीच, १९८५ साली, निवर्तला होता. मँटल आणि त्याचा यांकीजमधील सहकारी मॅरिस यांचे पुतळे शेजारी ठेवणाऱ्याने ही हकीकत मूळ आकड्यांसह वाचलेली असावी.

सातवी पायरी : जतन

हार्टलँडचे पुतळे सेल्युलोज ॲसिटेटचे आहेत, आणि हे प्लास्टिक उष्णतेने व दमटपणाने विघटित होऊ लागते. त्याची पहिली खूण म्हणजे व्हिनेगरसारखा आंबट वास. असा वास आल्यास तो पुतळा ताबडतोब इतरांपासून वेगळा ठेवावा, कारण त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या पुतळ्यांनाही बाधते. कपाट हवेशीर असावे, थेट ऊन पडू नये, तापमान वीस-बावीस अंश सेल्सियसच्या आसपास आणि आर्द्रता पन्नास टक्क्यांखाली असावी. कोकण, मुंबई आणि गोव्याच्या पावसाळ्यात हे साधणे अवघड असल्याने तेथे आर्द्रतामापक व ओलावा शोषणारे यंत्र घेतल्याशिवाय ॲसिटेटची वस्तू घेऊ नये. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. अगदी गरज पडल्यास किंचित ओलसर कापड न दिसणाऱ्या जागी लावून पाहावे. ॲसिटोन तर या प्लास्टिकला विरघळवतेच, पण अल्कोहोलही रंग उचलते, म्हणून दोन्ही दूर ठेवावीत. पिवळेपणा घालवण्यासाठी पेरॉक्साइडचे प्रयोग करू नयेत. स्टार्टिंग लाइनअपची पाकिटे मऊ पीव्हीसीच्या पिशव्यांत न ठेवता त्यांच्या मापाच्या कडक पारदर्शक डब्यांत उभी ठेवावीत.

आठवी पायरी : नोंदवही

प्रत्येक वस्तूसाठी एक पान ठेवावे. त्यावर खरेदीची तारीख, किंमत, विक्रेता, पूर्वीच्या मालकाबद्दल मिळालेली माहिती, वस्तूतील दोष आणि बदललेले भाग लिहावेत. त्याखाली गणवेशावरून ठरणारे वर्ष, त्या वर्षातील संघाचे स्थान, खेळाडूचे आकडे आणि ते कोठून घेतले, हे लिहावे. शेवटी एक ओळ न सुटलेल्या प्रश्नासाठी राखावी. ॲपरिसिओच्या पानावर ती ओळ, १९५० च्या दशकात व्हेनेझुएलाहून शिकागोपर्यंत खेळाडू कोणत्या मार्गाने येत, अशी असू शकेल. तसे झाले तर पुढची फिगर चिको कॅरास्क्वेलची शोधावी लागेल, जो ॲपरिसिओच्या आधी व्हाइट सॉक्सचा शॉर्टस्टॉप होता आणि व्हेनेझुएलाचाच होता. हार्टलँडने त्याचा पुतळा काढला नाही, तेव्हा शोध जुन्या कार्डांकडे वळवावा.